हप्तेदार

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीत कुणाची पत किती हे बँकेच्या आधी झेरॉक्सवाल्याला कळतं. आधार, पॅन, रेशन कार्ड, लाइट बिल आणि दोन फोटो असा संच घेऊन माणूस आला की समजावं, नवं कर्ज निघालंय. नुसतं आधार काढायला आला, तर सिमकार्ड. नुसतं रेशन कार्ड घेऊन आला, तर सरकारनं काहीतरी नवीन जाहीर केलंय. गोदूताई परुळेकर वसाहतीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. इतकी वर्षं या काचेवर बसून झालं असं की, माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे आधारवरचे फोटो मला जास्त ओळखीचे वाटतात.

पूर्ण संच सगळ्यात जास्त वेळा काढलेला माणूस म्हणजे आमचे हप्तेदार अण्णा. हप्तेदार हे आडनाव नव्हे. इनामदाराला इनाम असतं, जहागीरदाराला जहागीर असते, तसे अण्णांना हप्ते आहेत. हे नाव भिशीतल्या बायकांनी ठेवलं. अण्णांना त्याचा राग आला नाही, उलट एखादी पदवी मिळाल्यासारखे ते खूश झाले. तशी ही जात आमच्याकडे दुर्मिळ नाही, गल्लीला दोन तरी सापडतील. पण अण्णांसारखा घोटून तयार झालेला नमुना एकच.

वय बत्तीस-तेहतीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम. केसांत आणि भुवयांवर कापसाची तुसं कायम, त्यामुळे लांबून पाहिलं की माणूस अकाली पिकल्यासारखा वाटतो. शर्टाच्या खिशात मोबाइल, लाल पेन आणि लांबट वही. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं कानाशी बोलल्यासारखं बोलूच शकत नाहीत. अण्णांचं गुपितही पलीकडच्या ब्लॉकला ऐकू जातं. म्हणून त्यांच्या कर्जांची खबर ठेवायला कुणाला चौकशी करावी लागत नाही. ते दुकानात येतात आणि ओरडतात, "मालक, सिबिल बघा की जरा! वाढलंय का?"

पूर्वी माणसं म्हणत, अब्रू जाईल. आता म्हणतात, सिबिल जाईल. अण्णांचं सिबिल मात्र चांगलं आहे, आणि इथंच या माणसाची गंमत आहे. कर्जबाजारी म्हटला की आपल्यासमोर उधळ्या, पिणारा, तोंड चुकवणारा माणूस उभा राहतो. अण्णा यातले काही नाहीत. दारू नाही, मटका नाही, गुटखाही नाही. तोंड चुकवण्याचा तर प्रश्नच नाही, कारण त्यांचा आवाज त्यांच्या आधी पोचतो. एकही हप्ता त्यांनी चुकवलेला नाही. फक्त प्रत्येक हप्ता त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी हप्त्यातून भरलाय.

त्यांची वही मी एकदा जवळून पाहिली आहे. तिच्यात आधी तारीख असते, मग नाव, आणि रक्कम कोपऱ्यात, बारीक अक्षरात, जणू तिचा फारसा संबंध नाही. ३ तारखेला घराचं कर्ज. ५ ला मोबाइल. दर मंगळवारी सकाळी आठला गट, म्हणजे बायकोच्या नावावर काढलेलं फायनान्सचं कर्ज. त्यात एकीनं भरलं नाही तर बाकीच्या बायकांनी वर्गणी काढून भरायचं आणि मग त्या एकीला महिनाभर जगू द्यायचं नाही, अशी पद्धत. १० ला भिशी. रोज पन्नास रुपये पिग्मी, आणि त्या पिग्मीवर काढलेलं कर्ज. कारखान्याच्या मालकाकडून घेतलेली उचल. किराणा दुकानाची उधारी. बँकेत गहाण ठेवलेलं बायकोच्या कानातलं आणि एक अंगठी. या शेवटच्या नोंदीला अण्णा कर्ज मानतच नाहीत. "मालक, लॉकर घ्या म्हटलं तर बँक आपल्याकडनं पैसे घेते. इथं सोनं तर ती सांभाळतेच, वर आपल्यालाच पैसे देते. कोण खुळं सांगा!"

आणि सगळ्यात खाली, तारीख नसलेलं एक नाव. नाव म्हणजे नुसतं 'मित्र'.

कर्ज हा पैशाचा प्रश्न नसून तारखांचा आहे, अशी अण्णांची श्रद्धा आहे. पैसा काय, जगात असतोच. तो ठरल्या दिवशी ठरल्या खिडकीवर आणून उभा करणं ही कला. मंगळवारच्या गटाला सोमवारी पिग्मीवाल्याकडून, पिग्मीवाल्याला शनिवारच्या पगारातून, पगारात तूट आली तर मेव्हण्याकडून, आणि मेव्हण्याला भिशीतून. याची टोपी त्याला म्हणतात ते हेच. पण टोप्या नऊ आणि डोकी नऊ, आणि एकही डोकं एक दिवस उघडं राहत नाही, हे जमवायला जी अक्कल लागते ती घेऊन हा माणूस एखाद्या रेल्वेच्या नियंत्रण कक्षात बसला असता, तर सोलापूरहून सुटणारी एकही गाडी लेट झाली नसती.

लिलावाच्या भिशीत त्यांना फार मान आहे. वीस जण, महिन्याला हजार, म्हणजे वीस हजारांची भिशी. ज्याला गरज असेल त्यानं बोली लावायची, आणि जो सगळ्यात जास्त सोडेल त्याला भिशी. अण्णांनी तिसऱ्याच महिन्यात चार हजार सोडून सोळा हजार उचलले. सोडलेले चार हजार वीस जणांत वाटले गेले आणि त्या महिन्यात प्रत्येकानं हजारऐवजी आठशेच भरले. बायका म्हणाल्या, भिशीत माणूस असावा तर असा. अण्णाही रस्त्यानं सांगत सुटले, "माझ्यामुळं वीस घरांना दोन-दोनशे मिळाले बे!" त्या वीस घरांत त्यांचं स्वतःचं घरही धरलेलं होतं.

या माणसाला हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण हसण्याआधी खिडकीतून बाहेर बघावं लागतं. जिथवर नजर जाते तिथवर घरंच घरं. हा सगळा माळ होता. २००६ साली इथं विडी वळणाऱ्या बायकांसाठी दहा हजार घरं झाली. घर साठ हजारांचं. वीस हजार केंद्राचे, वीस राज्याचे, वीस त्या बाईचे. कामगार पुढारी आडम मास्तरांच्या मोर्च्यात चालून चालून बायकांच्या चपला झिजल्या, आणि लोकार्पणाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. अण्णांच्या आईनं, अम्मांनी, ते वीस हजार विड्या वळून फेडले. म्हणजे सुपात पाला, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचा, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, आणि असं हजार वेळा केलं की एक दिवस संपला. त्या दिवसातून चार पैसे बाजूला, असं वर्षानुवर्षं. अण्णा तेव्हा शाळेत होते. वजाबाकी ते आईच्या हप्त्यांवर शिकले. पुढे रे नगर ही नवी वसाहत आली. तिथल्या तीस हजारांपैकी पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ ला झालं. त्यातलं एक घर अण्णांचं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे त्यांचे, म्हणजे अर्थातच हप्त्याचे. रोख मोजून या लोकांच्या नशिबात काय आलं असतं? झोपडीचं भाडं. हप्त्यानं पक्कं छत आलं, नळ आला, दाराला कडी आली. अशा माणसाला जाऊन हप्ता वाईट म्हणून सांगणं म्हणजे कोळ्याला पाणी वाईट म्हणून सांगण्यासारखं आहे.

तर अशा या अण्णांनी मार्चच्या एका दुपारी दुकानात येऊन नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मालक, नवीन एक चालू झालंय!"

मी सवयीनं संच मशीनवर ठेवायला हात पुढं केला. "किती महिन्यांचं?"

"नऊ."

"एवढी कमी मुदत? हप्ता मोठा बसेल की."

अण्णा काचेवर वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "हप्ता नाही मालक. बाळ."

दुकानात उभी असलेली चार माणसं हसली, कारण त्यांचं हळूही सगळ्यांना ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वहीत नवं पान सुरू झालं. भिंतीवरच्या कालनिर्णयात हप्त्यांची लाल वर्तुळं होतीच. दवाखान्यानं दिलेल्या तारखेभोवती अण्णांनी हिरवं वर्तुळ काढलं. दिवाळीनंतर आठव्या दिवसाची तारीख होती. ती पाहून त्यांना जो आनंद झाला तो बाप होण्याचा होता की हिशेब जुळल्याचा, मला नक्की सांगता येणार नाही. दिवाळीला कारखान्याचा बोनस, अक्काच्या, म्हणजे बायकोच्या, विडी कारखान्याचा बोनस, आणि मग आठ दिवसांनी बाळ. "बघा की, पोरगं आपल्यावर गेलंय. तारीख बघून येऊलालंय!"

सगळ्या देणेकऱ्यांना त्यांनी त्या तारखेची कल्पना दिली. आमच्याकडे एरवी वायदा गड्ड्याचा असतो. सिद्धेश्वराची जत्रा झाली की देतो म्हणायचं आणि जत्रा झाली की पुढच्या जत्रेवर ढकलायचं. यंदा पहिल्यांदाच अण्णांनी गड्डा सोडून बाळंतपण धरलं.

मग प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा फॉर्म. पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पण नोंदणी आणि तपासणी झाली की तीन हजार, आणि बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या लसी झाल्या की दोन हजार, असं पुढं सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे सरकारपण हप्त्यानं देतंय?" त्या क्षणी सरकार त्यांना आपल्यातलं वाटलं. त्याच संध्याकाळी, न आलेल्या तीन हजारांवर त्यांनी शेजाऱ्याकडून तीन हजार उचलले. पैसे यथावकाश आले. अक्काच्या खात्यावर सकाळी जमा झाले आणि दुपारच्या आत मोबाइलच्या हप्त्यात कापले गेले, कारण मोबाइलचा हप्ताही त्याच खात्याला लावलेला होता. मोबाइल सगळ्यात आधी खूश झाला. शेजारी अजून वाट बघतोय.

यावर मी त्यांना जरा गंभीरपणे बोलायचं ठरवलं. शिकलेल्या माणसाला अशी खुमखुमी असते. म्हटलं, अण्णा, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अशा छोट्या कर्जदाराच्या घरात सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. अण्णांनी तिथंच वही उघडली. दोघांची कमाई महिन्याला अठरा हजार धरली, घर, गट, मोबाइल, पिग्मीचं कर्ज असं बेरजेला घेतलं, मोबाइलवर भागाकार केला. आठ हजार तीनशे सत्तर. साडेसेहेचाळीस टक्के.

"मालक," अण्णा म्हणाले, "अजून साडेतीन टक्के जागा आहे की!"

सहाशे तीस रुपयांचा हप्ता बसतो, हेही त्यांनी लगेच काढलं. पाळण्याचा. भिशी, उचल, किराणा आणि तो मित्र यांना बेरजेत का घेतलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "ते कर्ज कुठलं? ते संबंध आहेत."

सातव्या महिन्यात ओटीभरणाचा कार्यक्रम झाला. हिरवी साडी, बांगड्या, गल्लीतल्या बायका, पुऱ्या, शेंगाची चटणी, गोड भात. अण्णांच्या वहीत त्याचंही पान होतं, पण जमेच्या बाजूला. चाळीस माणसं, सरासरी शंभर रुपये, आहेर चार हजार. खर्च अडीच हजार. उरलेल्या दीड हजारात बाळंतिणीचा डिंक, खारीक, खोबरं, अळीव. सगळं जागच्या जागी.

कार्यक्रमाला माणसं चाळीसच आली. अंदाज चुकला तो एवढाच की हे सोलापूर आहे. इथं लग्न असो, वास्तुशांत असो, साहेबाची बदली असो, की पुढाऱ्याचा वाढदिवस, माणूस हातात टॉवेल घेऊन जातो. एकतीस टॉवेल आले. सहा पाकिटं आली, त्यातलं एक रिकामं होतं, घाईत राहून गेलं असणार. तीन बायकांनी ब्लाउजपीस दिले. रात्री सगळे गेल्यावर अण्णा टॉवेलांच्या ढिगासमोर मांडी घालून बसले आणि एकेक उलटून किनार बघू लागले. त्यातले सहा त्यांनी स्वतःच विणलेले निघाले. आठवडाभर मागावर उभं राहून जे कारखान्यातून बाहेर घालवलं, ते गल्लीतल्या बायकांनी पैसे देऊन विकत घेऊन परत त्यांच्या घरात आणून टाकलं होतं. अम्मा कोपऱ्यातून तेलुगूत काहीतरी बोलल्या. अण्णांनी त्याचं भाषांतर मला कधी सांगितलं नाही.

अक्काविषयी अजून बोललो नाही, कारण अक्का बोलत नाही. आठवा लागला तेव्हा आशाताईनं तिला तंबाखूपासून लांब बसायला सांगितलं. पोटात बाळ असताना दिवसभर ती धूळ नाकात जाणं बरं नव्हे, हे अक्कालाही कळत होतं. पण माल गेला नाही तर कार्डावर खाडा दिसणार, फंडाचा प्रश्न येणार. शेवटी सूप अम्मांच्या मांडीवर गेलं. अम्मांचे डोळे आता अधू. रोजच्या हजाराच्या जागी सहाशे-सातशे, आणि छाट, म्हणजे बाद विड्या, जास्त. महिन्याची कमाई उतरली आणि अण्णांच्या साडेसेहेचाळीस टक्क्यांनी पन्नाशी ओलांडली. ते गणित मात्र त्यांनी परत केलं नाही.

एका दुपारी अक्का एकटीच दुकानात आली. हातात नवऱ्याची वही. तिचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं, मराठी बोलते फर्डं, पण लिहिलेलं वाचताना अडखळते, त्यात अण्णांचं अक्षर.

"दादा, हे वाचून दाखवा. पण तारीख नको. हजाराला महिन्याला व्याज किती, तेवढं सांगा."

विडीच्या धंद्यात सगळा हिशेब हजारावर चालतो. मजुरी हजारावर, पाला हजारावर, छाट हजारावर. इतकी वर्षं मी लोकांना टक्केवारी समजावत बसलो आणि ही बाई एका वाक्यात सगळं सरळ करून गेली. मी वाचू लागलो. सोन्याचं कर्ज, हजाराला नऊ-दहा रुपये. गट, हजाराला वीसच्या आसपास. उचल, व्याज नाही, पण फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नाही. किराणा, काही नाही. आणि मित्र.

"मित्राचं काय?"

दहा हजार घेतले होते. शेकडा पाच. हजाराला महिन्याला पन्नास. म्हणजे महिन्याला पाचशे, आणि अण्णा ते चौदा महिने देत आलेले. सात हजार गेले होते आणि मुद्दल जिथल्या तिथं.

हा मित्र मी पाहिलाय. फार सभ्य माणूस. कधी घरी येत नाही, कधी फोन करत नाही, आवाज चढवत नाही. महिन्यातून एकदा चहाच्या गाड्यावर भेटतो, पाचशेची नोट खिशात ठेवतो, चहाचे पैसे स्वतः देतो आणि म्हणतो, "मुद्दलाची काय घाई आहे अण्णा, आपलं घर आहे." सावकारीचा नवा कायदा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे, हे मी एकदा अण्णांना सांगितलं होतं. त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "तो सावकार कुठाय मालक? चहा पाजतोय."

आता ती वही समोर धरून वाचताना मला कळलं की अण्णांच्या सगळ्या कारभाराची किल्ली इथं होती. ज्याचा आवाज मोठा त्याचा हप्ता आधी. गटाच्या बायका दारात येऊन बसतात म्हणून गट आधी, फायनान्सचा पोरगा फोनवर फोन करतो म्हणून मोबाइल आधी. व्याज कुणाचं जास्त, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मागाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला जे ऐकू येत नाही ते नाहीच, असं वाटत असावं.

अक्का थोडा वेळ गप्प राहिली. सात हजारांच्या किती हजार विड्या होतात, ते ती मनात मोजत होती, ओठ हलत होते. आकडा तिनं सांगितला नाही. वही घेतली आणि गेली.

दिवाळीला आठ दिवस असताना, म्हणजे हिरव्या वर्तुळाच्या चांगले दोन आठवडे आधी, रात्रपाळीत अण्णांचा फोन वाजत राहिला. मागाच्या आवाजात त्यांना ऐकू गेला नाही. शेवटी मुकादमानं येऊन त्यांचा माग बंद केला तेव्हा त्यांना वाटलं, कापड बिघडलं. १०२ ची गाडी घरून अक्काला आणि अम्मांना घेऊन आधीच निघाली होती. अण्णा सायकल मारत घरी आले, कुलूप काढलं, बाळंतिणीच्या सामानाची भरून ठेवलेली पिशवी घ्यायची म्हणून आत गेले, आणि वही घेऊन बाहेर पडले. हे त्यांच्या लक्षात आलं ते सिव्हिलच्या दारात.

मुलगी झाली. पहाटे साडेचारला. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला, औषधाला, रक्त-लघवी तपासायला पैसे लागत नाहीत, येण्याजाण्याची गाडीसुद्धा फुकट. म्हणजे अण्णांनी ज्या खर्चासाठी एवढी जुळवाजुळव केली होती, तो खर्च मुळातच नव्हता. नव्हतं ते एकच, बाळाला गुंडाळायला कापड. घरी एकतीस टॉवेल होते. सिस्टरनं विचारलं तेव्हा अण्णांनी वही पुढं केली म्हणे, पण ते अम्मांचं सांगणं, त्यावर मी भरवसा ठेवत नाही. शेवटी शेजारच्या कॉटवरच्या बाईनं एक दुपटं दिलं. जगात येऊन अर्धा तास झाला नाही तोवर पोरीनं पहिली उसनवारी केली होती. अण्णांनी भिंतीला टेकून वहीत लिहिलं, 'दुपटं १. कॉट नं. १४.' तारीख घातली.

दुपट्याच्या जागी त्यांनी दोन टॉवेल परत केले. माझ्या माहितीत, त्यांनी व्याजासकट एका वेळी फेडलेलं हे पहिलंच कर्ज.

दिवाळीला दोन्ही बोनस आले. अण्णा लाल पेन काढून तारखा लावायला बसले. अक्कानं बाळाला मांडीवर घेतलं, पैसे उशाखाली घेतले आणि सांगितलं, दहा हजार मित्राला.

"अगं, तो मागतच नाही!" अण्णा कळवळून म्हणाले.

"म्हणूनच," अक्का म्हणाली.

मुद्दल परत नेऊन दिल्यावर मित्राचा चेहरा पडला. मी काय मागत होतो का, असं तीनदा म्हणाला. त्या दिवशी चहाचे पैसे अण्णांना द्यावे लागले.

परवा दोघं बाळाला घेऊन दुकानात आली होती. लेक लाडकीचा फॉर्म भरायचा होता. पिवळ्या किंवा केशरी रेशन कार्डाच्या घरात मुलगी जन्मली की पाच हजार, पहिलीत गेल्यावर सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, आणि अठरा वर्षांची झाली की पंच्याहत्तर हजार. एकूण एक लाख एक हजार. अण्णा ऐकत होते तसे त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव पसरत गेला. अठरा वर्षांची मुदत, पाच हप्ते, आणि सगळे येणे! "याच्यावर आत्ता काही उचलता येतं का, मालक?" एवढंच त्यांनी विचारलं. अक्कानं त्यांच्याकडे फक्त पाहिलं. बाळ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं होतं. त्याची किनार बघायचा मोह मी आवरला.

मग अक्कानं कोरी वही काढली आणि मला पहिल्या पानावर नवी यादी लिहायला सांगितली. हजाराला जास्त व्याज ते वर, कमी ते खाली. वर गट आला, मग पिग्मीचं कर्ज, मग सोनं, घर, उचल, शेजारी, किराणा. लिहिता लिहिता मी पानाच्या तळाशी पोचलो, तर तिथं माझंच नाव लिहायची वेळ आली. आजवरच्या सगळ्या झेरॉक्सची उधारी. अण्णांच्या पद्धतीत मी आवाज करत नाही म्हणून शेवटी होतो. अक्काच्या पद्धतीत मी व्याज घेत नाही म्हणून शेवटी आहे.

त्या दिवशीच्या पाच झेरॉक्स धरून एकशे बावीस रुपये.